पहिलं जेवण उत्तम होतं, पुढची कशी होती?

पहिल्याच जेवणानंतर लिहिलेल्या रिव्ह्यूवर माझा फारसा विश्वास नाही. जागा नवी असते, पोटात भूक असते, सोबतची माणसं आवडीची असतात. मग जे पुढ्यात येईल ते छानच लागतं. म्हणून लहान शहरातल्या एका रेस्टॉरंटमधून पहिल्या रात्री बाहेर पडताना ‘अप्रतिम’ हा शब्द ओठांवर आला होता, तरी लिहायचं टाळलं. आता कित्येक महिने उलटलेत. गर्दीच्या दिवशी, सामसूम दिवशी, आठ जणांच्या घोळक्यात आणि एकदा एकटीनेही तिथे जेवून झालंय. शब्द अजून तोच आहे, कारणं मात्र बदललीत.

पहिल्या वेळी भुरळ घातली ती ताटलीने. काळी ताटली, मधोमध तीन घास, कडेला सॉसचा फराटा. हे आता यूट्यूबवर बघून कुणीही करतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला लक्षात यायला लागलं ते वेगळंच: गरम पदार्थाची ताटलीही गरम असते आणि थंड पदार्थाची थंड. फार क्षुल्लक वाटेल, पण शेवटचा घास पहिल्यासारखाच लागतो तो यामुळेच. नावाजलेल्या, झगमगीत ठिकाणीही मी गार ताटलीत थिजलेला सॉस खाल्लाय.

मशरूमचं सूप घ्या. दिसायला काहीच नाही, चहाच्या रंगाचं पातळ पाणी. पहिला घोट घेतला की जिभेच्या मागच्या बाजूपर्यंत चव पसरते आणि बराच वेळ रेंगाळते. यात जादू नाही, रसायन आहे. 1908 साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू या समुद्री वनस्पतीतून ग्लुटामेट हा चव देणारा घटक वेगळा काढला आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. वाळवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट नावाचा घटक असतो, आणि तो ग्लुटामेटच्या सोबत आला की चव बेरजेने नाही, पटींनी वाढते. शेफला विचारलं तेव्हा त्याने एवढंच सांगितलं, की मशरूम आदल्या रात्री गार पाण्यात भिजत घालतो आणि उकळी कधीच फुटू देत नाही. मीठ अगदी बेताचं. प्रत्येक वेळी तितकंच बेताचं, आणि मला कौतुक आहे ते या ‘प्रत्येक वेळी’चं.

मासाही तसाच. कातडी आधी पूर्ण कोरडी केलेली, तवा चांगला तापलेला, आणि तुकडा टाकल्यावर सुरुवातीला उलथन्याने हलकेच दाबून धरलेला, म्हणजे कातडी आक्रसून वाकडी होत नाही. (स्वयंपाकघराला काच आहे, एकटी जेवत होते तेव्हा सगळं निवांत बघितलं.) सॉस माशाखाली ओततात, वरून नाही. वरून ओतला तर एवढ्या मेहनतीने आणलेला कुरकुरीतपणा मिनिटभरात मऊ पडेल.

टायर बनवणाऱ्या मिशलेन कंपनीचं रेस्टॉरंट गाइड आहे, त्यातल्या तारांबद्दल आपण सगळेच बोलतो, पण तारा फक्त ताटलीतल्या अन्नासाठी असतात, झुंबरं आणि मखमली खुर्च्यांसाठी नाही. त्यांच्या पाच निकषांपैकी एक सातत्याचा आहे: पूर्ण मेन्यूभर आणि पुन्हा पुन्हा गेल्यावरही दर्जा टिकला पाहिजे. दोन तारांचा अर्थ वाट वाकडी करून जावं असं जेवण, तीन तारांचा अर्थ खास त्यासाठीच प्रवास करावा असं. टायर विकणाऱ्या कंपनीला लोकांनी गाडी काढावी असं वाटणारच म्हणा! पण त्यामुळे आडवाटेच्या जागाही नकाशावर आल्या हे खरं. स्पेनमधलं हिरोना हे जेमतेम लाखभर वस्तीचं शहर, आणि तिथल्या ‘एल सेलेर दे कान रोका’ने 2013 आणि 2015 साली जगातल्या पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटच्या यादीत पहिला नंबर काढला. लहान शहराचा एक फायदा मला इथे रोज दिसतो. मोठ्या शहरात रुसून गेलेल्या गिऱ्हाइकाच्या जागी दुसरं येतं. इथे तीच तीच माणसं परत येतात, त्यामुळे कुणाला एकदा गंडवून चालत नाही. शिवाय एका पानाचा मेन्यू असला की फ्रीजमध्ये साठवण कमी, आणि साठवण कमी म्हणजे माल ताजा.

सर्व्हिसबद्दल एकच प्रसंग सांगते. मैत्रिणीला नेमका मेन कोर्स येताना फोन आला आणि ती बाहेर गेली. बहुतेक ठिकाणी काय होतं? ताटली येऊन पडते, नाहीतर झाकून ठेवतात. इथे वेटरने दारातूनच स्वयंपाकघराला खूण केली. ती परतल्यावर थोडं थांबावं लागलं, आणि मग दोघींच्या ताटल्या एकदमच आल्या, तिच्याइतकाच माझा मासाही नव्याने केलेला. कुणी त्याचा गाजावाजा केला नाही, बिलातही काही नाही.

आता कुरकुर. स्वयंपाकघरात माणसं मोजकी आहेत. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात ऑगस्त एस्कोफिए या फ्रेंच शेफने कामाची जी वाटणी बसवली, सॉसवाला वेगळा, भाजणारा वेगळा, गोडाचा वेगळा, ती पाळायला हात लागतात. इथे एकच जण दोन-दोन खाती सांभाळतो. हॉल भरला की स्टार्टर आणि मेन कोर्समध्ये फार मोठी खिंड पडते, आणि तोवर ब्रेड खाऊन पोट भरतं. अशाच एका रात्री लोण्याचा सॉस फाटलेला आला, कडेने तेल सुटलेलं. आम्ही तोंड उघडायच्या आत वेटरनेच ताटल्या उचलल्या हे खरं, पण असा सॉस स्वयंपाकघरातून बाहेर यायलाच नको होता.

खरी निराशा गोडाची. बाकी सगळं इतकं विचार करून केलेलं आणि शेवटी तोच सगळीकडे मिळणारा लाव्हा केक. याचं मूळ 1981 सालचं, फ्रान्समधल्या लाग्योल या छोट्याशा गावातल्या मिशेल ब्रास या शेफचं. त्याने गोठवलेला गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण, पिठाच्या पोटात ठेवून केक भाजला, म्हणजे बाहेरचा भाग पूर्ण शिजतो आणि आत फक्त चॉकलेट वितळतं. इथे मिळतो तो नुसता अर्धकच्चा काढलेला केक, चमचा घातला की कच्च्या पिठाची चव येते. हे शेफला मी सांगितलंय, त्याने मान डोलावली, मेन्यू आहे तसाच आहे.

जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या वारी जा, टेबल काचेजवळचं मागा. टेस्टिंग मेन्यू (शेफने ठरवलेले बरेच छोटे कोर्स) पहिल्याच वेळी घेऊ नका, तो लांबतो आणि शेवटचे दोन कोर्स नुसते ढकलले जातात. सूप आणि मासा घ्या. काही खायचं वर्ज्य असेल तर बुकिंग करतानाच सांगा, ऐनवेळी सांगितलं तर नाही म्हणत नाहीत, पण मग ताटलीत नुसती वजाबाकी होऊन येते. आणि गोडाऐवजी कॉफी मागवा, ती चांगली असते.