सिग्नलला इंजिन बंद होऊ द्यावं की बटण दाबावं?

मामेभावाने नवी पेट्रोल गाडी घेतली आणि आठवड्यातच विचारलं, "दादा, हे ऑटो स्टॉप-स्टार्ट चालू ठेवू की रोज बंद करू?" म्हणजे गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी आणि निघताना पुन्हा सुरू करणारी सोय; नको असेल तर ती बटण दाबून बंद करता येते.

पेट्रोलचं बघ. उभ्या गाडीचं छोटं इंजिनही तासाला अर्धा ते एक लिटर पितं. दीड मिनिटाच्या लाल दिव्याला ते बंद झालं तर फायदाच. पण पुण्याच्या कोंडीत गाडी चार फूट सरकून लगेच थांबते, तिथे पाच-सात सेकंदांत काही वाचत नाही, धक्के तेवढे बसतात.

सारखं सुरू-बंद होतं म्हणून अशा गाडीत स्टार्टर, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, मुळातच दणकट असतो. खरा खर्च बॅटरीचा. अशा गाडीला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे सारखं सुरू-बंद सोसणारी खास बॅटरी लागते, साधीपेक्षा महाग. तू बटण दाबून फिरलास तरी बदलताना तीच घे, स्वस्तातली साधी गळ्यात मारून घेऊ नकोस.

मे महिन्यात इंजिनासोबत एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो आणि वारा कोमट होत जातो. आई मागे बसली असेल तर मी गोल बाणातल्या 'ए'चं बटण दाबतोच. बहुतेक गाड्यांत ते दर वेळी गाडी सुरू केल्यावर नव्याने दाबावं लागतं.

मोठे सिग्नल असलेला रस्ता असेल तर चालू ठेव. रोजची कोंडी, उन्हाळा किंवा घाटातली रांग असेल तर बंद. हायवेवाल्याला दोन्ही सारखंच.