पिवळाधमक ॲनिमोन घेऊ नका : बडोद्यातला माझा अनुभव

साडेसहा हजार रुपये मोजून मी एक मरणाला टेकलेला, रंगात बुडवलेला ॲनिमोन घरी आणला. ॲनिमोन म्हणजे समुद्रपुष्प, दगडाला धरून राहणारा फुलासारखा समुद्री जीव. नवव्या दिवशी तो मेला, तेव्हा दुकानदाराने तो माझ्याच पाण्यामुळे मेला असं मला ऐकवलं. दोन दिवस मला ते खरंही वाटलं. पैसे गेले त्यापेक्षा हे जास्त लागलं, म्हणून लिहिते आहे.

दांडियाबाजारच्या आमच्या घरी खाऱ्या पाण्याची २०० लिटरची टाकी आहे. ॲक्वेरियमचं मीठ आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम, घनता १.०२५, तापमान २६ अंश. पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून रोज सकाळी खूणपट्टीपर्यंत नुसतं आरओचं पाणी घालायचं. सगळ्या नोंदी वहीत. नव्या टाकीत ॲनिमोन टिकत नाही, निदान सहा महिने टाकी मुरावी लागते, हे ठाऊक होतं. मी अकरा महिने थांबले. क्लाउनफिश हे मासे ॲनिमोनच्या आसऱ्याने राहतात. माझी जोडी तोवर पंपाजवळच्या कोपऱ्यात झोपायची.

दुकानात तो दिसला. हळदीत बुचकळून काढल्यासारखा, पायापासून (दगडाला चिकटणारं बूड) शुंडकांच्या (तोंडाभोवतीचे बोटांसारखे अवयव) टोकांपर्यंत एकच रंग. मी जामनगरजवळ नराऱ्याला जाऊन आलेली आहे. ओहोटीला घोटाभर पाण्यातून चालताना समुद्रपुष्पं डोळ्यांनी पाहिली आहेत, ती मातकट, तपकिरी होती. तसं मी म्हटलंही. दुकानदार म्हणाला, ‘‘बेन, ते आपल्या आखातातलं साधं. हे इंडोनेशियाचं, रेअर आहे.’’ सोबत द्वारकेकडचा जिवंत प्रवाळाचा तुकडा मागवून देतो म्हणाला. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहेत, तेव्हा तो मी नाकारला. जो माणूस प्रवाळ असा सहज देऊ करतो त्याच्याकडून ॲनिमोन तरी का घेतला, याचं उत्तर आजही माझ्यापाशी नाही. सात हजार सांगितले, रोख दिले तर ५०० कमी. बिल म्हणून चिठोरं दिलं, त्यावर फक्त ‘सामान’.

तो तपकिरी रंगच ॲनिमोनचा जीव असतो. त्याच्या अंगात झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. ती उजेडावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा त्याला देतात. प्रवासात, अंधारात, उष्ण पाण्यात हाल झाले की शैवालं निघून जातात आणि तो पांढराफटक पडतो. पांढरा ॲनिमोन जाणकार घेत नाही, म्हणून त्याला रंगवतात. वर चढवलेला रंग उरल्यासुरल्या शैवालांचा उजेडही अडवतो. म्हणजे उपाशी जीव, आणि त्याची उपासमार झाकणारा रंग.

पिशवीतल्या पाण्याला पिवळसर झाक होती. दुकानदार म्हणाला होता, प्रवासात चिकटा सोडतो. दुसऱ्या दिवशी फिल्टरचा पांढरा कापूस बदलायला काढला तर तो पिवळा झालेला. पिळला, तर बोटांच्या पेरांना रंग लागला. पाचव्या दिवशी ॲनिमोनच्या बुडाशी पांढरे चट्टे उठले. कोळंबीचा तांदळाएवढा तुकडा तोंडाशी धरला तर शुंडकांना चिकटेचना, घरंगळून खाली पडला. आठव्या दिवशी तोंड उघडं पडलं आणि आतलं बाहेर आलं.

नवव्या दिवशी पहाटे खोलीत कुजका वास. ॲनिमोन मेला की विरघळतो आणि सगळ्या टाकीत अमोनिया सोडतो. माझ्या टेस्ट किटची नळी पिवळी राहायला हवी, ती हिरवीगार झाली. घरचा आरओ थेंबथेंब पाणी देतो. साठवलेल्या ८० लिटर पाण्यात मीठ कालवून टाकीतलं तेवढं पाणी बदललं, तरी क्लीनर श्रिम्प (टाकीतली छोटी कोळंबी) आणि जोडीतला लहान क्लाउनफिश गेले.

दुकानदाराला फोन केला. ‘‘तुमची सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) हलली असणार, बेन. घरच्या टाकीत असं होतंच.’’ मी वही उघडून एकेक आकडा वाचला. मग म्हणाला, लाइट कमी पडला असेल. मग म्हणाला, जास्त खायला घातलं असेल. ही तयार उत्तरं आहेत. प्रत्येक गिऱ्हाइकाला आपलीच काहीतरी चूक आठवते आणि ते गप्प बसतं. मी तर त्या वहीत दोन दिवस माझीच चूक शोधत होते.

ॲनिमोन घ्यायचा असेल तर रंगाकडे भुलू नका. हिरवे, लालसर, जांभळ्या टोकांचे खरेही असतात. पण पाय, तोंड, शुंडकं सगळं रंगवलेल्या कापडासारखं एकसारखं दिसलं तर सोडून द्या. पांढराशुभ्र तर नकोच. तोंड मिटलेलं हवं, पायाला चीर नको. दगडावरून ओढून काढताना पाय फाटला तर तो सहसा वाचत नाही. दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा, शुंडकांनी ते धरलंच पाहिजे. आठवडाभर त्याच्याच टाकीत राहू द्या आणि पुन्हा जाऊन बघा. पैसे यूपीआयने द्या, बिलावर प्राण्याचं नाव लिहून घ्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करायची तर कागद लागतो, आणि माझ्याकडे ‘सामान’ लिहिलेलं चिठोरं होतं.

तो पिवळा कापूस मी फेकलेला नाही, वाळवून झिपच्या पिशवीत ठेवलाय. परवा त्या दुकानावरून गेले तर काचेमागे आता गुलाबी ॲनिमोन आहे, आणि एक बाप मुलीला उचलून तो दाखवत होता. मी पर्समधून पिशवी काढली आणि आत गेले.