पायएमसीए: काळ्या मातीच्या एक्सआरएफ नमुन्यांवर वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या लॅबमध्ये मातीचे एक्सआरएफ स्पेक्ट्रम पायएमसीएवरच तपासतोय. एक्सआरएफ म्हणजे नमुन्यावर क्ष-किरण मारायचे आणि त्यातून बाहेर येणाऱ्या किरणांच्या ऊर्जेवरून कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखायचं; त्या ऊर्जांचा आलेख म्हणजे स्पेक्ट्रम. नमुने बहुतेक परभणी, हिंगोली आणि जालन्याचे. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ईएसआरएफ या क्ष-किरण संशोधन केंद्रात तयार झालेलं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, पैसे लागत नाहीत.

ते मला का आवडलं, याचं कारण आपल्या मातीतच आहे. बेसॉल्टची माती म्हणजे लोह भरपूर, टायटॅनियमही बऱ्यापैकी. लोहाची मुख्य रेषा, म्हणजे स्पेक्ट्रममधलं त्याचं ओळखीचं शिखर, ६.४० केईव्हीला (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) येते. सिलिकॉन डिटेक्टरमध्ये त्यातले १.७४ निसटले की ४.६६ ला एक खोटं शिखर उभं राहतं, टायटॅनियमच्या ४.५१ ला अगदी खेटून. लोहाचे दोन फोटॉन एकाच वेळी आले, तर तसंच एक १२.८ ला. आणि शिशाची एल-बीटा ही रेषा असते १२.६ ला! यंत्रासोबत आलेला प्रोग्राम अशा नमुन्यांत बिनधास्त शिसं दाखवायचा. शेतकऱ्याच्या हातातल्या अहवालात शिसं लिहायचं म्हणजे खात्री हवीच, माणूस हादरतो. पायएमसीएमध्ये एस्केप (निसटलेल्या ऊर्जेचं शिखर) आणि पाइल-अप (एकाच वेळी आलेल्या फोटॉनचं शिखर) हे दोन्ही पर्याय चालू केले, की ही शिखरं लोहाच्याच खात्यात जातात.

आर्सेनिक आणि शिशाचा गुंताही तसाच. आर्सेनिकची के-आल्फा रेषा १०.५४ ला, शिशाची एल-आल्फा १०.५५ ला. डिटेक्टरला हा फरक कळणार नाही. पण पायएमसीए मूलद्रव्याच्या रेषा सुट्या न धरता ठरलेल्या प्रमाणात एकत्र बसवतं. शिसं असेल तर १२.६ लाही त्या हिशेबात दिसलंच पाहिजे.

त्रास आहे तो मॅट्रिक्सचा, म्हणजे नमुन्याच्या मूळ घडणीचा. नमुना कशाचा बनलाय हे आपण सांगायचं असतं, आणि पुढचं सगळं प्रमाण त्यावर ठरतं. गोदाकाठची काळी आणि बदनापूरकडची चुनखडीची जमीन यांना एकच कॉन्फिगरेशन लावलं तर आकडे छान छापून येतात, पण चुकीचे. नवख्या माणसाला इथे कुणीतरी शेजारी बसून शिकवायला हवं. मराठीत तर काहीच वाचायला मिळत नाही. सोडियम, मॅग्नेशियमची अपेक्षा हवेत मोजणाऱ्या यंत्राकडून करू नका, त्यांचे किरण वाटेतच शोषले जातात. त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही.

आणि मोसंबीवाल्यांसाठी मुद्दाम सांगतो: एक्सआरएफमधून येतं ते एकूण झिंक. पिकाला मिळणारं झिंक डीटीपीए पद्धतीनेच (डीटीपीए या रसायनाच्या द्रावणात मातीतून उतरणारं झिंक मोजून) काढावं लागतं, ज्यात ०.६ पीपीएमच्या खाली कमतरता धरतात. चुनखडीच्या जमिनीत एकूण झिंक चांगलं असूनही पानं पिवळी पडतात, कारण सामू जास्त असल्याने ते मुळांना मिळत नाही. म्हणून आमच्या अहवालात हे दोन आकडे वेगवेगळ्या रकान्यांत असतात, आणि खताची शिफारस फक्त डीटीपीएच्या आकड्यावरून करतो.