जाहिरात की वर्गणी?

तालुक्याच्या बातम्यांचे संकेतस्थळ चालवणाऱ्या एका मैत्रिणीपुढे हा पेच आहे. जाहिरातीचा पैसा लवकर सुरू होतो, पण स्थानिक बिल्डरच्या अनधिकृत मजल्यांची बातमी लागली की त्याची जाहिरात दुसऱ्याच दिवशी बंद होते. वर्गणी जमायला वेळ लागतो आणि नूतनीकरणासाठी एकेका वाचकाला फोन करावा लागतो. मात्र ती एका माणसाच्या रागाने आटत नाही.

कायद्याची जोखीम दोन्हीकडे सारखीच आहे: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार अब्रुनुकसानीला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तर २०२१ च्या आयटी नियमांनुसार (डिजिटल माध्यमांसाठीचे माहिती तंत्रज्ञान नियम) बातमीवर आलेल्या तक्रारीचा निर्णय संकेतस्थळाला १५ दिवसांत द्यावा लागतो. नोटीस आली की जाहिरातदार आधी पाय काढतात आणि वकिलाची फी तेव्हाच लागते. म्हणून शोधबातमी करणाऱ्याने वर्गणीच धरावी. बाजारभाव व कार्यक्रम देणाऱ्यास जाहिरात पुरते.