घुंगरू, पन्नास-पन्नासचा जोड: आठ महिन्यांनंतर

दाणे पितळी आहेत, आवाज गोड आहे, वजनाबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार दोरीची, आणि ती सविस्तर करणार.

घुंगरू ओवताना दाण्यादाण्याला गाठ मारतात, म्हणजे दोरी एका जागी तुटली तरी बाकीचे हलत नाहीत. चारशे रुपये वाचवायला मी ऑनलाइन मागवले आणि आले ते माळेसारखे सरळ ओवलेले. जूनमध्ये फोंड्याच्या ओलीत दोरीला बुरशी धरली. एका संध्याकाळी घरी कथकच्या तत्काराची, म्हणजे पायकामाची, चौगुण (चौपट लय) करताना ती तुटली आणि पन्नास दाणे फरशीभर. खालून हाक, "बाय, कितें पडलें गो?"

विक्रेत्याला फोन केला. "दोरी वॉरंटीत येत नाही, मॅडम." तीनदा तेच. चौथ्यांदा मी ओरडले. एकोणपन्नास वर्षांत माहेरी, सासरी, ऑफिसात कुणावर आवाज चढवला नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत, ते नाहीतच.

कथकला गेले ती साखर वाढली म्हणून. चालायचा मला कंटाळा. आजी असती तर घरात घुंगरू येऊ दिले नसते. ते देवळातल्या कलावंतिणींचे, आपल्यात नको, म्हणायची. त्याच समाजातल्या गायिका केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर रेडिओवर लागल्या की मात्र डोळे मिटून ऐकायची.

वर्गात ताई नवरसांचा सराव घेतात. रौद्र म्हटलं की मला ओशाळं हसू यायचं. "राग ठेवता कुठे हो तुम्ही?" ताईंनी विचारलंही होतं. त्या फोननंतरच्या मंगळवारी राग आला, पायातून वर चढत आला. नेहमी मी आरशासमोर पोट आत ओढून उभी राहते, त्या दिवशी विसरले. समोर पोट सुटलेली, घामाघूम बाई होती आणि तिला राग शोभत होता. करुण रसाला तर मला रडूच फुटलं. आईच्या तेराव्यालाही इतकी रडले नव्हते. ताई ठेका देत राहिल्या, थांबल्या नाहीत. बरं केलं.

एकच तारा देणार होते, तीन देते. कारण चूक थोडी माझीही. घामाने भिजलेले घुंगरू आठ महिने प्लास्टिकच्या पिशवीत कोंबत होते. सुती पिशवीत ठेवा. काळे पडले तर सोलांच्या (आमसुलांच्या) पाण्यात बुडवून घासा, पण दोरी काढून.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून साठ रुपयांची दोरी आणली आणि उजव्या पायाचे स्वतः ओवले. पन्नास गाठी, दोन संध्याकाळी, बोटं सोलली. तेवढे दोन दिवस सराव नव्हता, तर जिन्यात खालच्या काकींनी अडवलं, "आयज नाच ना गो?"

डावा पाय अजून जुन्याच दोरीवर आहे.