ज्युलियातलं कार्टेशियनइंडायसेस: काही महिने रोज वापरल्यानंतर

महापेच्या ऑफिसात माझं काम ठाणे खाडीच्या सॅटेलाइट इमेजवर चालतं. कांदळवन कुठे दाट होतंय, कुठे विरळ पडतंय, ते बघायचं. सेंटिनेल-२ उपग्रहांची एक टाइल, म्हणजे इमेजचा एक चौकोनी तुकडा, १० मीटरच्या बँडमध्ये (प्रकाशाच्या एका पट्ट्याची इमेज, एक पिक्सेल जमिनीवर १० मीटरचा) १०,९८० बाय १०,९८०, म्हणजे १२ कोटींहून जास्त पिक्सेल. त्या सगळ्यांवरून फिरायचं, आणि बऱ्याचदा शेजारचे पिक्सेलही बघायचे.

ज्युलिया या प्रोग्रामिंग भाषेतलं कार्टेशियनइंडायसेस अ‍ॅरेतल्या, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यातल्या, प्रत्येक घराचा पत्ता (इंडेक्स) एकेक करून देतं. त्यावर माझा जीव जडला तो या शेजाऱ्यांमुळे. लूपमध्ये हातात येतो तो अख्खा इंडेक्स, रो आणि कॉलम एकत्र. त्यातून एक-एक वजा केलं की एक कोपरा, मिळवलं की समोरचा, आणि दोघांमध्ये कोलन टाकला की नऊ घरांचा चौकोन तयार. पहिल्या कोपऱ्याला मॅक्स आणि दुसऱ्याला मिन लावून इमेजच्या हद्दीत ठेवलं की कडेला आपोआप सहा घरं उरतात, कोपऱ्यात चार. काठांसाठी वेगळे इफ लिहावे लागत नाहीत. तारखांचा तिसरा अक्ष जोडला तेव्हा तेच फंक्शन २७ घरांवर चाललं, एक ओळही बदलावी लागली नाही! शिवाय हे इंडेक्स मेमरीत साठवले जात नाहीत, लागतील तसे तयार होतात. पहिला अक्ष सगळ्यात वेगाने फिरतो, आणि ज्युलिया अ‍ॅरे कॉलमने साठवते, त्यामुळे वेगही मिळतो. पायथनच्या नमपाय लायब्ररीवरून आलेल्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं, तिथे डिफॉल्ट क्रम उलटा आहे.

शेजारी नको असतील, नुसतं एकेका घरावरून फिरायचं असेल, तर ईचइंडेक्स पुरे. दोन बँड मिळून गणित करायचं असेल तर दोन्ही त्याला एकत्रच द्या. ओलाव्यासाठी लागणारा बँड ११ हा २० मीटरचा, म्हणजे ५,४९० बाय ५,४९०. तो चुकून १० मीटरच्या बँड ८ सोबत गेला तर ईचइंडेक्स तिथेच एरर देतं. नुसतं एक ते एन मोजत गेलो तर भलत्याच पिक्सेलची जोडी लागते आणि उत्तर बिनबोभाट चुकीचं येतं. माझ्या मते एवढ्यासाठीच ही सवय लावून घ्यावी.

खटकतं ते निवडलेल्या घरांची यादी देणारं फाइंडऑल. मास्कवर, म्हणजे कुठला पिक्सेल हवा ते हो-नाहीत सांगणाऱ्या अ‍ॅरेवर, चालवलं की प्रत्येक निवडलेल्या पिक्सेलमागे १६ बाइट्सचा इंडेक्स साठतो. निम्मी टाइल निवडली तर जवळपास १ जीबी, आणि बिटअ‍ॅरेतला (पिक्सेलमागे एकच बिट) तो अख्खा मास्क मात्र जेमतेम १५ एमबीचा. यादी खरंच हवी असेल तर मास्कला आधी वेक लावा, तो एका लांब रांगेत येतो, मग साधे आकडे मिळतात आणि जागा निम्मी लागते. मी तर यादी करतच नाही. मास्क तसाच ठेवते, लूपमध्ये तपासते आणि नको तो पिक्सेल कंटिन्यूने सोडून देते.