पुंता कानाच्या कागदपत्रांवर अडीचशे डॉलर घातले, तुम्ही घालू नका

आधीच सांगते, हा रिव्ह्यू रिसॉर्टचा नाही, रिसॉर्ट मस्त होतं. हा त्या 'एंट्री डॉक्युमेंट्स करून देतो'वाल्या ऑनलाइन सर्व्हिसचा आहे, जिला आम्ही माणशी ४९ डॉलर दिले आणि वर 'टुरिस्ट कार्ड' म्हणून माणशी १५ वेगळे, चौघांचे मिळून २५६ डॉलर. नाव लिहीत नाही, अशा साइट्स पैशाला पासरी आहेत, एक टाळाल तर दुसरीवर जाऊन पडाल.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, एडिसनला. मी आणि नवरा एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर, मुलीचा अमेरिकन पासपोर्ट, आणि आई सांगलीहून आलेली. सुट्टीत डोमिनिकन रिपब्लिकमधलं पुंता काना ठरलं कारण विमानाने चारेक तास आणि भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर त्यांचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. (यूके, कॅनडा किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा असला तरी चालतं. यातलं काहीच नसेल तर मात्र दिल्लीच्या त्यांच्या एम्बसीतून व्हिसा काढायचा.)

बाकी मग पासपोर्ट, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि ई-तिकीट. घोळ या ई-तिकिटाच्या नावातच आहे, मला आधी वाटलं विमानाचंच तिकीट, ते तर आहे आपल्याकडे. तर ते नाही. पूर्वी विमानात इमिग्रेशन आणि कस्टम्सचे कागद वाटायचे आणि मग सगळे एकमेकांकडे पेन मागत बसायचे, ते कागद आता ऑनलाइन भरायचे, भरले की क्यूआर कोड येतो. येतानाचं आणि जातानाचं, दोन्ही भरायचं. आणि हे सगळं फुकट आहे. फु-क-ट!

पण रात्री अकरा वाजता मोबाईलवर सर्च केलं, सगळ्यात वरची लिंक उघडली, त्यावर निळा-लाल झेंडा, झकास दिसणारा फॉर्म, मी कार्ड नंबर टाकून मोकळी. वर बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं होतं ते दुसऱ्या दिवशी नवऱ्याने दाखवलं. सरकारी साइटचा पत्ता 'डॉट गॉब डॉट डीओ'ने संपतो. 'गव्ह' नाही बरं का, 'गॉब', स्पॅनिशमध्ये सरकारला गोबिएर्नो म्हणतात म्हणून. तेवढं एक बघितलं असतं तर वाचलो असतो. आणि ते टुरिस्ट कार्ड? ते १० डॉलरचं असतं आणि २०१८ पासून विमानाच्या तिकिटातच धरलेलं असतं, म्हणजे आम्ही तेच पैसे दोनदा भरले, तेही दीडपट.

बरं, पैसे घेतले तर काम तरी नीट करावं ना. चॅटवर विचारलं, आईला काही वेगळं लागेल का, तर उत्तर आलं की इंडियन पासपोर्टला व्हिसाच लागत नाही, निश्चिंत राहा. मला शंका आली, खोदून विचारलं तर बाई डोमिनिकाबद्दल बोलत होती! तो वेगळाच छोटा देश, राजधानी रोझो, तिथे आपल्याला खरंच व्हिसा लागत नाही. आम्ही चाललेलो डोमिनिकन रिपब्लिकला. हे म्हणजे औरंगाबादचं तिकीट मागितलं आणि बिहारमधल्या औरंगाबादचं काढून दिलं.

याहून भारी म्हणजे आमच्यासोबत येणार होता तो मित्र. तोही एच-वनवर, पण पासपोर्टवरच्या व्हिसा स्टॅम्पची मुदत संपलेली, फक्त आय-७९७, म्हणजे मंजुरीचं पत्र, चालू. या लोकांनी त्याला सांगितलं 'नो प्रॉब्लेम'. त्याने नशिबाने कंपनीच्या वकिलाला विचारलं. आय-७९७ म्हणजे व्हिसा नाही, त्यामुळे तिकडे शिरतानाच पंचाईत, आणि संपलेल्या स्टॅम्पवर अमेरिकेत परत यायची जी सवलत आहे ती एच-वनवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती. कॅरिबियन बेटांसाठी ती एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना मिळते. तो बिचारा आला नाही, पण अडकला तरी नाही.

आता क्लायमॅक्स. नेवार्कला पहाटे चेक-इन काउंटरवर बाईने आईचा क्यूआर स्कॅन केला आणि मान हलवली. आईची जन्मतारीख ३ ऑगस्ट, सर्व्हिसवाल्यांनी टाकलेली ८ मार्च. अमेरिकन पद्धत, महिना आधी, दिवस नंतर, हे लक्षात न घेता कोणीतरी छापून दिलेलं. शिवाय खायचं काही बरोबर आहे का, या कस्टम्सच्या प्रश्नाला आम्हाला न विचारता 'नाही'. आईच्या पिशवीत बेसनाचे लाडू, चिवडा आणि मेतकुटाची पुडी. मग मी तिथेच काउंटरच्या बाजूला बॅगेवर बसून सरकारी साइटवर सगळं नव्याने भरलं. एका फॉर्ममध्ये अख्खं कुटुंब बसतं, इंग्रजीत आहे, फ्लाइट नंबर आणि हॉटेलचा पत्ता हाताशी पाहिजे. चौघांचं मिळून वीस मिनिटं. सुरुवातीला एक कोड देतात तो लिहून ठेवा, मधेच नेट गेलं तर तिथूनच पुढे भरता येतं. आई मागून सांगत होती, लाडू लिही, खोटं नको लिहूस. लिहिलं. शेवटी क्यूआरचे स्क्रीनशॉट काढले, कारण उतरल्यावर नेट मिळेलच असं नाही.

पुंता कानाचं विमानतळ मात्र बघण्यासारखं, झावळ्यांनी शाकारलेलं छप्पर, आईला वाटलं कोकणातल्या कुणाच्या मांडवात आलो. इमिग्रेशनला दहा मिनिटं लागली, लाडवांबद्दल कोणी विचारलंही नाही.

रिफंडसाठी तीन मेल टाकलेत. एकाचंच उत्तर आलं, आमची सर्व्हिस कशी वाटली, स्टार द्या म्हणून. दिलाय, एक. त्याहून कमी देता येत नाही.